प्रयोगशाळेचं वाण

अनुदानित मराठी शाळा बाहेरून वाटते तितकी सरकारी नसते. शिक्षकांचे पगार शासनाकडून येतात, पण वीजबिल, दुरुस्ती, बाकं, नकाशे, परीक्षानळ्या यांसाठी मिळणारं वेतनेतर अनुदान तुटपुंजं असतं आणि ते कधी हातात पडेल याचा नेम नसतो. उरलेलं शाळा चालवणाऱ्या संस्थेनं पाहायचं. आमच्या बदलापूरच्या शाळेत फी वाढवून हे भागवावं असं कुणी सुचवतसुद्धा नाही. इथल्या मुलांचे आईवडील रिक्षा चालवतात, अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत कंत्राटी कामाला जातात, पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटतात, नाहीतर माझ्यासारखे पहाटेची लोकल पकडून मुंबईला नोकरीला जातात. म्हणून आमच्याकडे प्रयोगशाळा म्हणजे एक कुलूपबंद खोली होती. आत दोन लाकडी कपाटं, गळकं बेसिन, आरसा धुरकटलेला एक सूक्ष्मदर्शक आणि लेबलं उडालेल्या बाटल्या. विज्ञानाच्या बाई जीव ओतून शिकवणाऱ्या. आम्ल आणि आम्लारी त्या रंगीत खडूंनी फळ्यावर समजावत. पण निळा लिटमस लाल होताना नववीतल्या एकाही मुलानं पाहिला नव्हता. दहावीला विज्ञानाच्या शंभरातले वीस गुण प्रात्यक्षिकाचे असतात. ते गुण मुलांना मिळत, अनुभव मिळत नसे. माझी मुलगी त्याच वर्गात होती.

२०२४ च्या पावसाळ्यात मी शिक्षक-पालक संघाच्या कार्यकारिणीवर आले आणि मुख्याध्यापिका बाईंनी मला ती खोली उघडून दाखवली. संस्थेनं प्रयोगशाळेसाठी थोडी रक्कम बाजूला ठेवली होती. मग ऑगस्ट आला. त्या महिन्यात बदलापूरच्या एका शाळेत लहान मुलींच्या बाबतीत जे घडलं ते महाराष्ट्राला माहीत आहे. २० ऑगस्टला हजारो माणसं बदलापूर स्टेशनात रुळांवर उतरली आणि लोकल तासन्‌तास बंद राहिली. त्यानंतर शासनानं शाळांना सीसीटीव्ही सक्तीचे केले. आमच्या संस्थेनं प्रयोगशाळेची शिल्लक कॅमेऱ्यांवर आणि मुलींच्या स्वच्छतागृहापाशी पूर्णवेळ मावशी नेमण्यावर खर्च केली. तशीच व्हायला हवी होती. पण त्यामुळे प्रयोगशाळा पुन्हा मागे पडली, आणि दहावीत जाणाऱ्या मुलांची वर्षं थांबवून ठेवता येत नाहीत. निधी पालकांनीच उभा करायचा, असं दिवाळीनंतरच्या बैठकीत ठरलं. अंदाज काढला तो साडेतीन लाखांचा.

त्या बैठकीत सूचनांचा पाऊस पडला. पहिली सूचना अशी की प्रत्येक मुलामागे पाचशे रुपये घ्यावेत, प्रश्न मिटला. मी त्याला ठाम विरोध केला. सक्तीची देणगी कायद्यात बसत नाही. महाराष्ट्राचा १९८७ चा कॅपिटेशन फी बंदीचा कायदा आहे, २००९ चा शिक्षण हक्काचा कायदा आहे. पण माझा विरोध कायद्यापुरता नव्हता. दोन भावंडं शाळेत असलेल्या घराला हजार रुपये म्हणजे महिन्याच्या किराण्यातला मोठा भाग, आणि ते न देऊ शकणाऱ्या मुलाचं नाव वर्गात कधी ना कधी घेतलं जातंच. दुसरी सूचना होती मुलांच्या हाती पावतीपुस्तकं देण्याची. जो जास्त जमवेल त्याला बक्षीस. हे मी लहानपणी केलेलं आहे. ज्याच्या इमारतीत लिफ्ट आहे त्याचं पुस्तक दोन दिवसांत भरतं, चाळीतल्या मुलाचं भरत नाही, आणि बक्षीस घेताना टाळ्या कोणाला मिळणार हे आधीच ठरलेलं असतं. पैसे गोळा करण्याच्या कामाला कोणत्याही मुलाचा हात लागणार नाही, हा ठराव आम्ही त्या दिवशी लिहून घेतला. माझ्या मते सगळ्या मोहिमेतला सर्वांत चांगला निर्णय तोच.

कुणी लकी ड्रॉ सुचवला. पालकांतल्या एका वकील दादांनी सांगितलं की तिकीट विकून सोडत काढणं म्हणजे लॉटरी, आणि ती परवानगीशिवाय काढणं गुन्हा आहे. तोही विषय संपला. ऑर्केस्ट्रा ठेवावा म्हणणाऱ्यांना स्टेज, ध्वनियंत्रणा आणि कलाकार यांचा खर्च कागदावर मांडून दाखवला, तेव्हा तिकिटांतून काय उरेल हे त्यांनाच दिसलं. शहरातल्या एका बड्या माणसाकडून निरोप आला होता की सगळी रक्कम एकरकमी देतो, फक्त उद्‌घाटनाचं व्यासपीठ आणि फाटकावर वर्षभर फलक हवा. बैठकीत बराच वेळ शांतता होती, कारण साडेतीन लाख समोर दिसत होते. शेवटी मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "प्रयोगशाळा आपल्या मुलांना आपल्या आईवडिलांनी दिली असं वाटलं पाहिजे." आम्ही आभार मानून नकार कळवला.

वाट सापडली ती लोकलमध्ये. डिसेंबर लागला की लेडीज डब्यात वाणाचा माल यायला लागतो. प्लॅस्टिकच्या डब्या, गाळण्या, कंगवे, चमचे, छोट्या आरशाच्या पेट्या. अंबरनाथला चढणाऱ्या विक्रेत्या बाया कल्याणपर्यंत डबा पिंजून काढतात. बदलापूरहून माझ्यासोबत बसणारी, आमच्याच शाळेतल्या एका मुलाची आई त्या डब्या हाताळत म्हणाली, "वहिनी, मी दरवर्षी चाळीस डब्या वाटते आणि चाळीस डब्या घरी घेऊन येते. माळ्यावर ठेवायला जागा उरली नाही."

मोहीम तिथून उभी राहिली. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर या आमच्या तिन्ही गावांत घरोघर हळदीकुंकू होतं. एकेक बाई दोनशेपासून दोन हजारांपर्यंतचं वाण लुटते. हा पैसा दरवर्षी खर्च होतोच. तो नव्यानं कुणाच्या खिशातून काढायचा नाही, फक्त वळवायचा. यंदा वाण म्हणून शाळेच्या प्रयोगशाळेला एखादी वस्तू द्या, असं आम्ही बायकांना सांगायचं ठरवलं.

असं करणाऱ्या आम्ही पहिल्या नव्हतो, आणि हे सांगताना मला आधार वाटतो. महर्षी धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला, १९०० साली तो पुण्याजवळ हिंगण्याच्या माळावरच्या झोपडीत नेला. पुढे त्या संस्थेनं निधीसाठी दिवाळीतला भाऊबीजेचा दिवस धरला. भाऊ बहिणीला ओवाळणी घालतोच. त्यातली थोडी ज्या बहिणींना भाऊ विचारत नाही त्यांच्या शिक्षणासाठी द्या, असं कार्यकर्ते घरोघर जाऊन सांगत. तो भाऊबीज निधी सुरू होऊन शंभर वर्षं उलटून गेली. अंताजी दामोदर काळ्यांनी तर माणशी एक पैसा मागितला आणि त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. परीक्षानळ्यांची किंमत काढताना मला त्या कारखान्याची हटकून आठवण यायची. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातल्या मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. तेवढा त्याग आम्ही कुणाकडे मागत नव्हतो. लोक जे देतातच, त्याची दिशा बदलायची होती.

विज्ञानाच्या बाईंनी रात्री जागून यादी केली. ती मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या दुकानांत जाऊन भाव काढून पक्की केली. पंधरा-वीस रुपयांची परीक्षानळी, मग चंचुपात्र, लोलक, भिंगांचा संच, तारेची जाळी, स्पिरिटचा दिवा, ताणकाटा, चुंबक, विद्युतघट, आणि सहा-सात हजारांचा सूक्ष्मदर्शक. प्रत्येक वस्तूपुढे ती कोणत्या इयत्तेत कोणत्या प्रयोगाला लागते ते एका ओळीत लिहिलं. या ओळीनं काय साधलं ते सांगितलं पाहिजे. प्रयोगशाळेसाठी मदत करा, असं म्हटलं की माणूस मान हलवतो आणि पुढे जातो. सातवीतल्या मुलांना सूर्यप्रकाशाचे सात रंग दिसण्यासाठी एक लोलक हवा म्हटलं, की तो कितीला मिळतो हे विचारतो. ज्या घरातून वीस रुपये आले त्या घरानंही एक पूर्ण वस्तू दिली होती. अर्धवट काही नव्हतं.

पण वाण रिकाम्या हातानं देता येत नाही. हळदीकुंकवाला आलेल्या बाईच्या हाती काहीतरी पडलंच पाहिजे. चित्रकलेच्या सरांनी त्यावर तोड काढली. मुलांनी जाड कागदाची पत्रं तयार केली. प्रत्येकावर एखाद्या उपकरणाचं हातानं काढलेलं चित्र आणि खाली मजकूर: या वाणाची वस्तू शाळेच्या प्रयोगशाळेत पोहोचली. तिळगुळाच्या पुडीसोबत ते पत्र द्यायचं. ज्यांना डब्या वाटायच्याच होत्या त्यांनी त्या वाटल्या. कुणालाही त्यावरून बोलायचं नाही, हे आम्ही आपापसांत ठरवून घेतलं होतं.

हळदीकुंकू म्हटलं की एक प्रश्न उभा राहतोच. आमच्या शाळेत कितीतरी मुलांच्या आया एकट्या आहेत. कोणाचे पती कोविडात गेले, कोणाचे अपघातात. शाळेच्या नावानं मोहीम करायची आणि हळदीकुंकू लावताना या बायांना ओलांडून पुढे जायचं, हे मला मान्य नव्हतं. शाळेच्या सभागृहात आम्ही एक सामाईक हळदीकुंकू ठेवलं आणि निमंत्रणात लिहिलं, सर्व आयांसाठी. दोन-तीन ज्येष्ठ बायकांना ते रुचलं नाही. एकीनं मला बाजूला घेऊन सांगितलं की शास्त्रात असं नाही. मी वाद घातला नाही. कार्यक्रम सुरू झाला तेव्हा एका विद्यार्थ्याची आजी पुढे आली. स्वतः तरुणपणी विधवा झालेली, कुळगावात भाजीचा व्यवसाय करून तीन मुलं शिकवलेली. तिनं करंडा हातात घेतला आणि दारापासून प्रत्येकीला हळदकुंकू लावत गेली. जिला ती लावत होती त्यातल्या काहींनी कित्येक वर्षांत कपाळाला कुंकू लावून घेतलं नव्हतं. एक आई रडली, मग बऱ्याच जणी रडल्या, आणि मग सगळ्या चहाला बसल्या. मला बाजूला घेणाऱ्या त्या ज्येष्ठ बाईंनीही शेवटी आजींच्या हातून कुंकू लावून घेतलं. मोहिमेचा हिशेब कधीही मांडला तर मी हे कोणत्या रकान्यात घालू, मला कळत नाही. कर्व्यांनी ज्यांच्यासाठी आश्रम काढला तशाच एका बाईच्या हातून आमच्या प्रयोगशाळेचं वाण सुरू झालं, एवढं मात्र मी शाळेच्या इतिवृत्तात लिहून ठेवलं आहे.

वस्तू झाल्या, पण त्या ठेवायला टेबलं हवी होती. त्यासाठी अंबरनाथ कामाला आलं. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले एक काका आमच्या पाचवीतल्या एका मुलीचे आजोबा. आयुष्यभर फिटर. त्यांनी खोली मोजली, मुलांची उंची विचारली आणि एका चौकोनी वहीत टेबलांची चित्रं काढली. त्यांच्या ओळखीच्या एका फॅब्रिकेशनवाल्या उद्योजकानं सुट्टीच्या दिवशी शेड आणि वेल्डिंगचं यंत्र वापरायला दिलं. लोखंडाचा खर्च आमचा, मजुरी कुणीच घेतली नाही. वरच्या फरशीसाठी कुणीतरी कडप्पा सुचवला होता, कारण तो स्वस्त. काका आणि विज्ञानाच्या बाई एकदमच नाही म्हणाले. कडप्पा म्हणजे चुनखडीचाच दगड. आम्ल सांडलं की तो फेसाळतो आणि वर्षभरात खड्डे पडतात. मग किचन ओटे बनवणाऱ्या एका पालकांकडून ग्रॅनाइटचे उरलेले तुकडे मिळाले. रंगांत मेळ नाही, पण टेबलं पिढ्यांची झाली. परीक्षानळ्यांचे स्टँड आणि तिवया काकांनी घरच्या गच्चीत बसून बनवल्या. त्यांना मी पैशांची देणगी मागितली असती तर त्यांनी पेन्शनमधून पाचशे रुपये दिले असते, आणि आम्हाला वाटलं असतं की काकांचं काम झालं.

उल्हासनगरला मी जाण्याआधी तिथले लोक आपल्या शाळेला का देतील, असं काही जण म्हणाले होते. तीन गावं रेल्वेच्या एकाच मार्गावर लागून आहेत, पण फलाटापलीकडे आमची ओळख कमी. उल्हासनगर वसलं ते दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत. फाळणीनंतर सिंधहून आलेल्या निर्वासितांना तिथे ठेवलं आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारींनी नव्या गावाची कोनशिला बसवली. आजही पत्ता सांगताना लोक कॅम्प नंबर एक ते पाच असंच सांगतात. एका कापड व्यापाऱ्याच्या पेढीवर मी गेले. वयस्कर गृहस्थ. त्यांनी आधी मला बसवलं, पाणी दिलं, आणि कोणत्या माध्यमाची शाळा, मुलं कोणाची, सगळं विचारून घेतलं. मग म्हणाले, "ताई, माझी शाळा बराकीत होती. पत्रा तापला की मास्तर आम्हाला झाडाखाली न्यायचे." रोख रक्कम त्यांनी दिली नाही. पांढऱ्या सुती कापडाचे उरलेले तागे काढून दिले. त्यातून मुलांचे प्रयोगशाळेतले एप्रन शिवले, लहानमोठ्या मापांत, बचतगटातल्या बायकांनी. कॅम्प पाचमधल्या जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांतून कापणीनंतरच्या चिंध्यांची पोती मिळाली. कारखानदाराला ती उचलून नेणाराच हवा होता. त्या चिंध्या जोडून आमच्या आयांनी बाजाराच्या पिशव्या शिवल्या, इतक्या मजबूत की निधीसाठी भरवलेल्या मेळ्यात त्या दुपारीच संपल्या आणि संध्याकाळी लोक नावं लिहून मागणी देऊन गेले.

मेळा १९ जानेवारी २०२५ च्या रविवारी शाळेच्या मैदानावर झाला. संक्रांत होऊन गेलेली, रथसप्तमी अजून पुढे. ऑगस्टनंतर शाळेचं फाटक सर्वांसाठी उघडणं ही बदलापुरात साधी गोष्ट राहिली नव्हती, आणि त्याची तयारी आम्ही सगळ्यांत आधी केली. प्रत्येक स्टॉलवरच्या माणसाचं नाव आधीपासून नोंदलेलं, गळ्यात ओळखपत्र. मैदान सोडून इमारतीत कुणालाही प्रवेश नाही. स्वच्छतागृहांच्या वाटेवर दर तासाला बदलणाऱ्या दोन आया. फाटकावर आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या मुलासोबत कोण आहे ते पाहणारे पालक. हे काम करणाऱ्यांना मेळा पाहायला मिळाला नाही. त्यांच्यामुळे बाकीच्यांनी निश्चिंतपणे पाहिला.

कोणत्याही स्टॉलवर रोख पैसे घ्यायचे नाहीत, हा नियम आम्ही आधीच ठरवला होता. फाटकापाशी दोन टेबलं, तिथे दहा, वीस आणि पन्नास रुपयांची तीन रंगांची कुपनं. स्टॉलवाल्यानं कुपन घ्यायचं आणि बंद डब्यात टाकायचं. तासाला डबे गोळा व्हायचे, दोन माणसं एकत्र मोजून सह्या करायची. ऑनलाइन पैशांसाठी क्यूआर कोड फक्त संस्थेच्या बँक खात्याचा. कुठल्याही कार्यकर्त्याच्या मोबाइलवर एक रुपयाही घेतला नाही, मग तो कितीही विश्वासू असो. गर्दी वाढल्यावर नेटवर्क अडखळलं, तेव्हा सुट्ट्या पैशांची पेटी कामी आली. ती आमच्यातल्या एका रिक्षावाल्या दादांनी आदल्या रात्री स्टँडवरच्या सगळ्यांकडून सुट्टे गोळा करून भरली होती. ध्वनिक्षेपकाची पोलीस परवानगी घेतली होती आणि तो रात्री दहाच्या कितीतरी आधी, साडेआठलाच बंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा होती.

खाण्यात दोन गोष्टींवर झुंबड उडाली. उल्हासनगरच्या एका कुटुंबानं लावलेल्या दाल पकवानवर, आणि मुळगावच्या बाजूच्या पालकांनी केलेल्या पोपटीवर. जानेवारीत वालाच्या शेंगा भरलेल्या असतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, बटाटे, रताळी, पुन्हा पाला. मग मडकं पालथं घालून भोवती जाळ. मैदानाच्या टोकाला, वाळूच्या बादल्या शेजारी ठेवून, हे चाललं होतं. मडकं उघडलं की वाफेबरोबर तो वास मैदानभर पसरायचा आणि कुपनांच्या टेबलापाशी रांग लागायची. पोपटी करणाऱ्या त्या घरांतली माणसं एरवी पालकसभेत मागच्या बाकावर बसतात, बोलत नाहीत. त्या दिवशी मुख्याध्यापिका बाई त्यांच्यापाशी उभ्या राहून मडकं कधी उतरवायचं हे कसं कळतं, ते विचारत होत्या. विज्ञानाच्या बाईंनी मुलांना तिथेच उष्णतेचं वहन समजावलं.

विज्ञानाचा स्टॉल मुलांनी स्वतः मांडला होता. वाणातून आधीच आलेल्या वस्तूंतून त्यांनी जास्वंदीच्या रसाचा दर्शक करून दाखवला. लिंबू पिळलं की रंग बदलतो, खायचा सोडा टाकला की पुन्हा बदलतो. माझी मुलगी त्या टेबलामागे होती. या स्टॉलवर कुपन नव्हतं. देणगीचा डबा ठेवू या असं कुणी सुचवलं होतं, पण मुलांचा हात पैशांना लावायचा नाही हा ठराव आम्ही तिथेही पाळला.

माजी विद्यार्थ्यांबद्दल थोडक्यात. दहावीच्या तुकड्यांचे व्हॉट्सॲप गट आहेतच. एका जुन्या तुकडीनं मिळून दोन सूक्ष्मदर्शक दिले, दुसरीनं अग्निशामक आणि प्रथमोपचाराची पेटी. परदेशातून पैसे पाठवू इच्छिणाऱ्यांना आम्ही थांबवलं, कारण विदेशी देणगी घ्यायला संस्थेला वेगळी नोंदणी लागते आणि ती आमच्या संस्थेकडे नव्हती. त्यांनी मग इथल्या भावंडांना आपापल्या पैशांतून द्यायला सांगितलं.

हिशेबाच्या बाबतीत मी फार काटेकोर आहे आणि तसंच असायला हवं असं मानते. देणगी दिलेल्या माणसाचा पुढच्या वर्षीचा विश्वास पावतीवर उभा असतो. संस्थेला ८०जी ची सवलत होती. तिचा लाभ घ्यायचा तर दोन हजारांवरची देणगी रोखीनं चालत नाही, म्हणून तशा देणग्या चेकनं किंवा ऑनलाइन घेतल्या, पॅन क्रमांक लिहून घेतला, आणि आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेच्या आत दहा-बीई प्रमाणपत्रं दिली. ज्यांना करसवलतीशी काही देणंघेणं नव्हतं, त्या वीस रुपये देणाऱ्यांनाही क्रमांकाची छापील पावती दिली. देणगीदारांची यादी सूचनाफलकावर आडनावांच्या अकारविल्हे लावली. रकमा लिहिल्या नाहीत. पाच हजार देणारे आणि वीस रुपये देणारे एकाखाली एक आले.

त्या वर्षी प्रजासत्ताक दिन रविवारी होता, त्यामुळे झेंडावंदनाला नेहमीपेक्षा जास्त पालक होते. राष्ट्रगीतानंतर खजिनदार सरांनी जमाखर्च वाचून दाखवला. जमा चार लाखांच्या थोडी वर गेली होती. निम्म्याच्या आसपास रक्कम एकट्या वाणातून आली, मेळ्यातून खर्च वजा जाता साधारण तिसरा हिस्सा, उरलेली माजी विद्यार्थ्यांकडून. खर्चाच्या बाजूला मंडपाचं भाडं, कुपनांची छपाई, ध्वनिक्षेपक, वाळूच्या बादल्यासुद्धा. कुणाला काही विचारायचं आहे का, असं सरांनी विचारलं. एका वडिलांनी विचारलं की उरलेल्या पैशांचं काय. उत्तर तयार होतं. रसायनं, लिटमस, स्पिरिट, फुटलेली काच, हे दरवर्षी लागणारच, म्हणून वरची रक्कम त्यासाठी वेगळी राखायची. तेच वडील आता दर तिमाहीला साठ्याची वही तपासायला येतात.

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा खोलीचं कुलूप काढलेलं होतं. फुटलेल्या परीक्षानळीसाठी मुलाकडून पैसे घ्यायचे नाहीत, वहीत फक्त तारीख आणि कसं फुटलं ते लिहायचं, असा नियम बाईंनी केला आहे. मला तो फार आवडला. काच फुटेल या भीतीनं मुलं हात मागे घेतात, आणि हात मागे घेणाऱ्या मुलांसाठी आम्ही एवढी खटपट केलेली नाही.

नंतर अंबरनाथ पूर्वेच्या एका मराठी शाळेतल्या आया भेटायला आल्या. त्यांना ग्रंथालय उभं करायचं आहे. आमची वस्तूंची यादी, वाणाचं पत्र आणि कुपनांचा नमुना त्यांना दिला. त्यांनी विचारलं, संक्रांतीच्या आठवडाभर आधी सुरुवात केली तर चालेल का. मी सांगितलं, नाही, मार्गशीर्षातच पुस्तकांची नावं आणि किमती लिहून यादी घरोघर पोहोचवा, कारण पौष लागेपर्यंत बायकांची वाणाची खरेदी लोकलमध्ये झालेली असते.